दूध संकलनाच्या नोंदी इव्हेंट हब्जमधून : प्रकल्पाची वही

करवीर, पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या संकलन केंद्रांवर पडणारं प्रत्येक माप संघाच्या कार्यालयात त्याच पाळीत दिसावं, एवढंच हे काम आहे. साधन म्हणून मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमधली इव्हेंट हब्ज ही सेवा (ती नोंदी सतत घेते, काही दिवस ठेवते आणि हव्या त्या प्रोग्रॅमला वाचू देते) आणि तिची पायथन लायब्ररी घेतली. पाठवणं आणि घेणं दहा-पंधरा ओळींत होतं, ते कुठेही वाचायला मिळेल. त्या ओळी खऱ्या केंद्रावर, खऱ्या पावसात चालवताना काय अडलं ते इथे लिहितो आहे. असंच काही करायला निघालेल्यांचा वेळ वाचावा.

२ जून २०२५ : आखणी

आत्ताची पद्धत अशी. केंद्रावर वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनालायझर केबलने संगणकाला जोडलेले असतात. सभासद दूध ओततो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम छापलेली पावती घेतो. ती नोंद संगणकातल्या एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये बसते. पाळी संपली की सचिव एक फाइल ई-मेलने पाठवतात आणि ती कार्यालयात दुसऱ्या दिवशी उघडली जाते. टँकर कुठून किती उचलणार, कूलरमध्ये जागा आहे का, हे सगळं तोपर्यंत फोनवर चालतं.

केंद्रावरून थेट डेटाबेसमध्ये लिहायचा पर्याय होता. तो सोडला, कारण हीच नोंद तिघांना हवी आहे : बिल विभागाला, टँकरवाल्यांना आणि गुणवत्ता तपासणाऱ्यांना. तिघांचा वेग वेगळा. एकाचा प्रोग्रॅम बंद पडला म्हणून दुसऱ्याचं काम थांबता कामा नये. इव्हेंट हब्जमध्ये प्रत्येकाला स्वतःचा कन्झ्युमर ग्रुप मिळतो आणि प्रत्येक जण आपापल्या जागेवरून वाचतो.

इथेच सेवेचा स्तर (दराचा प्रकार) ठरला. बेसिक स्तरात कन्झ्युमर ग्रुप एकच आणि नोंदी टिकतात एक दिवस. स्टँडर्डमध्ये ग्रुप २० पर्यंत आणि मुदत ७ दिवसांपर्यंत. तीन वाचक आहेत म्हणजे स्टँडर्डच. रीजन सेंट्रल इंडिया, म्हणजे पुणे, घेतलं. कोल्हापूरहून तेच जवळ.

पार्टिशनच्या, म्हणजे नोंदी ज्या स्वतंत्र रांगांत वाटल्या जातात त्यांच्या, संख्येवर सगळ्यात जास्त विचार केला, कारण स्टँडर्ड स्तरात ती नंतर बदलता येत नाही. एका ग्रुपमध्ये एकाच वेळी जितके प्रोग्रॅम काम वाटून घेतील, तितकी पार्टिशनं तरी हवीत. आज दोन पुरली असती. तालुके वाढणार आहेत म्हणून ८ घेतली.

४ जून : परवानग्या

अख्खी दुपार यात गेली. सबस्क्रिप्शनवर ओनर असलेल्या खात्याने प्रोग्रॅम चालवला तरी परवानगी नाही म्हणून नकार येत होता. ओनर असणं म्हणजे हब (नोंदींचा एक प्रवाह) तयार करण्याचा, पुसण्याचा अधिकार. आतल्या नोंदी लिहिण्या-वाचण्याचा अधिकार वेगळा असतो. त्यासाठी इव्हेंट हब्ज डेटा सेंडर आणि डेटा रिसीव्हर या भूमिका स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. त्या दिल्यावरही लगेच लागू होत नाहीत, काही मिनिटं थांबावं लागतं. त्या मिनिटांत कोड बदलत बसलात तर कशामुळे चाललं ते कधीच कळणार नाही. भूमिका द्या, चहा घ्या, मग तोच कोड परत चालवा.

कार्यालयातले वाचक प्रोग्रॅम या भूमिकांवर चालतील. केंद्रांवरच्या संगणकांना अझूरची ओळख नाही, म्हणून त्यांच्यासाठी फक्त पाठवण्याचा हक्क असलेली, गुप्त किल्लीवर चालणारी शेअर्ड अ‍ॅक्सेस पॉलिसी केली. ती नेमस्पेसवर (अनेक हब एकत्र ठेवणाऱ्या पेटीवर) न करता हबवरच केली. म्हणजे किल्ली कुणाच्या हाती लागली तरी त्याला कुणाचं दूध वाचता येणार नाही आणि नेमस्पेसमधल्या दुसऱ्या हबलाही हात लावता येणार नाही. पॉलिसीला दोन किल्ल्या असतात. केंद्रं पहिलीवर आहेत, बदलायची वेळ आली की एकेक केंद्र दुसरीवर नेऊन मग पहिली नवी करायची.

६ जून : पहिलं केंद्र जोडलं

लायब्ररीची आवृत्ती ५.११ च्या पुढची घ्या. त्याआधीची आवृत्ती सी भाषेतल्या एका पॅकेजवर अवलंबून होती आणि तयार पॅकेज मिळालं नाही की ते संगणकावरच बांधावं लागे. आता आतला एएमक्यूपीचा (सेवेशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा) भाग पूर्ण पायथनमध्ये आहे, त्यामुळे एका केंद्रावरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही ती विनातक्रार बसली.

काही केंद्रांवर अजून विंडोज ७ आहे. त्यावर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही. जुन्या पायथनला चिकटून राहायचं नाही असं ठरवलं आणि ती केंद्रं यादीत शेवटी ढकलली. त्यांची यंत्रं बदलण्याचा खर्च या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नव्हता, तो आता धरावा लागला. तुम्ही कराल तेव्हा आधी प्रत्येक केंद्रावरची यंत्रं बघून या आणि मगच आकडा द्या.

९ जून : पोर्ट

दुसऱ्या केंद्रावर प्रोग्रॅम सुरू होऊन गप्प बसायचा आणि बऱ्याच वेळाने जोडणी झाली नाही असं सांगायचा. नेट चालू, ब्राउझर चालू, किल्ली बरोबर. कारण असं निघालं की लायब्ररी मुळात एएमक्यूपीने ५६७१ या पोर्टवर बोलते आणि तिथल्या नेटवर्कमध्ये वेबचे पोर्ट सोडून बाकी सगळे बंद होते.

उपाय एका ओळीचा आहे : क्लायंट तयार करताना ट्रान्सपोर्ट टाइप एएमक्यूपी ओव्हर वेबसॉकेट द्यायचा, की सगळं ४४३ वरून जातं. साध्या क्लायंटला त्यासाठी वेबसॉकेट-क्लायंट हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं, असिंक क्लायंटला (जो उत्तराची वाट न पाहता पुढचं काम करतो) एआयओएचटीटीपी. आता सगळ्याच केंद्रांवर वेबसॉकेट ठेवलं आहे. आमच्या मापांच्या आकारमानात वेगाचा फरक जाणवत नाही, आणि डोंगरातल्या केंद्रावर पोर्ट तपासायला माणूस पाठवणं फार महाग पडतं.

११ जून : गठ्ठ्याच्या काठावर हरवलेलं माप

सुरुवातीला प्रत्येक पावती वेगळी पाठवली. पाठवण्याची प्रत्येक हाक पोच येईपर्यंत थांबते, त्यामुळे साठलेल्या नोंदी पाठवायला घेतल्या की हे फार हळू होतं. म्हणून लायब्ररीची क्रिएट बॅच वापरली : रिकामा गठ्ठा घ्यायचा, अ‍ॅड करत जायचं, भरला की व्हॅल्यू एरर येते, मग गठ्ठा पाठवून नवा घ्यायचा.

जुन्या महिन्याच्या नोंदी ओतून पाहिल्या. पाठवलेल्या आणि पोचलेल्या नोंदींत फरक आला, अगदी थोडा. एरर कुठेच नाही.

भरलेल्या गठ्ठ्यात जी नोंद मावत नाही तिच्यासाठीच व्हॅल्यू एरर येते. तो गठ्ठा पाठवून नवा सुरू केला तरी ती नोंद कुठल्याच गठ्ठ्यात नसते. नव्या गठ्ठ्यात तीच नोंद पुन्हा अ‍ॅड करावी लागते. आमच्या कोडमध्ये लूप सरळ पुढच्या नोंदीवर जात होता. स्टँडर्डमध्ये गठ्ठा १ एमबीपर्यंत जातो आणि आमची एक नोंद तीनशे बाइटच्या आसपास, म्हणजे रोजच्या चालीत गठ्ठा कधीच भरणार नाही. तो भरेल फक्त दोन-तीन दिवस लाइन बंद राहून ढीग साठल्यावर. आणि तेव्हा कुणा एका सभासदाचं एका पाळीचं दूध गुपचूप नाहीसं होईल.

म्हणून चाचणी अशी करा : क्रिएट बॅचला कमाल आकार मुद्दाम छोटा द्या, अवघ्या दोन-तीन हजार बाइटचा. मग काठ पुन्हा पुन्हा येतो आणि चूक लगेच उघडी पडते. तुलना नुसत्या नोंदींच्या संख्येची करू नका, केंद्रवार लिटरची बेरीजही जुळवा.

पार्टिशन की (नोंद कोणत्या पार्टिशनमध्ये पडेल ते ठरवणारं मूल्य) म्हणून केंद्राचा कोड देतो. ती एकेका नोंदीला लावायची नसते, गठ्ठा तयार करतानाच द्यावी लागते, त्यामुळे एका गठ्ठ्यातल्या सगळ्या नोंदींची की एकच. आमचं प्रत्येक केंद्र स्वतःचंच दूध पाठवतं, म्हणून हे आपोआप जमलं. एका केंद्राच्या सगळ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये पडतात. क्रम पाळला जातो तो फक्त पार्टिशनच्या आत.

१३ जून : वीज गेली तर

लायब्ररीत बफर्ड मोड आहे. नोंद देऊन मोकळं व्हायचं, ती मागे गठ्ठे करून पाठवते आणि यश-अपयश दोन कॉलबॅकमधून (लायब्ररी स्वतः बोलावते त्या आपल्या फंक्शनांमधून) कळवते. वापरायला फार सोयीचा आहे. पण पाठवेपर्यंत नोंदी मेमरीत असतात, आणि शाहूवाडीकडे जूनमध्ये वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. यूपीएसची बॅटरी सगळीकडे धड नाही.

तो मोड घेतला नाही. एसक्यूलाइटच्या तक्त्यातच "पाठवलं" असा एक रकाना वाढवला. सेंड बॅच एररशिवाय परत आली, तरच त्या गठ्ठ्यातल्या पावत्यांसमोर खूण होते. वीज गेली, नेट गेलं, प्रोग्रॅम पडला तरी खूण नसलेल्या पावत्या पुढच्या वेळी आपोआप निघतात. पावती छापणं आणि नोंद पाठवणं हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. नेटसाठी सभासदाला रांगेत क्षणभरही थांबावं लागू नये, ही अट पहिल्यापासून होती.

या पद्धतीची एक किंमत आहे. गठ्ठा तिकडे पोचला पण पोच परत येताना लाइन तुटली, तर केंद्राला वाटतं की गेलंच नाही, आणि तोच गठ्ठा परत जातो. म्हणजे दुबार नोंदी येणारच, त्या थांबवता येत नाहीत. त्या ओळखायच्या कशा, ते वाचणाऱ्या बाजूला सोडवलं.

१७ जून : वाचणारा प्रोग्रॅम, आणि रिकामी स्क्रीन

वाचक सुरू केला, काहीच आलं नाही. पोर्टलवरच्या आलेखात नोंदी येताना दिसत होत्या. पायथनच्या क्लायंटमध्ये सुरुवातीची जागा सांगितली नाही तर तो "आत्तापासून पुढचं" वाचतो. नोंदी आधी पाठवून मग वाचक चालवला तर त्याला त्या दिसणार नाहीत. पहिल्यापासून हवं असेल तर स्टार्टिंग पोझिशन उणे एक, तेही अवतरणात, अक्षरं म्हणून द्यायचं.

याची दुसरी बाजू चेकपॉइंट, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची खूण, जोडल्यावर कळली. एकदा चेकपॉइंट लिहिला गेला की स्टार्टिंग पोझिशनकडे पाहिलंच जात नाही. परत पहिल्यापासून वाचायचं असेल तर चाचणीसाठी नवा कन्झ्युमर ग्रुप काढा. चालू ग्रुपचे चेकपॉइंट पुसण्याच्या फंदात पडू नका.

आणखी एक लक्षात ठेवा : चेकपॉइंट स्टोअर दिलं नाही तर वाटणीही होत नाही. दोन प्रोग्रॅम लावले तर दोघेही आठही पार्टिशनं वाचत बसतात.

१९ जून : चेकपॉइंट

ब्लॉब स्टोरेजमध्ये (अझूरमधली फाइली साठवण्याची जागा) चेकपॉइंट ठेवण्याचं पॅकेज वेगळं येतं, आणि त्याचीही दोन रूपं आहेत, साधं आणि असिंक. साध्या क्लायंटला साधंच द्या. कंटेनर आधी हाताने तयार करून ठेवा आणि वाचकाच्या ओळखीला स्टोरेज ब्लॉब डेटा कॉन्ट्रिब्यूटर ही भूमिका द्या, नाहीतर ४ जूनची दुपार परत येईल.

पहिल्या मांडणीत प्रत्येक नोंदीनंतर चेकपॉइंट लिहिला. प्रत्येक चेकपॉइंट म्हणजे ब्लॉबवर एक लेखन. वाचक रांगायला लागला. आता नोंदी गठ्ठ्याने घेतो, रिसीव्ह बॅच वापरून, आणि गठ्ठ्याला एकच चेकपॉइंट. क्रम मात्र पक्का : आधी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कमिट, म्हणजे नोंद पक्की, मग चेकपॉइंट. उलटं केलं आणि मधल्या क्षणी प्रोग्रॅम पडला, तर त्या नोंदी वाचल्या गेल्या असं मानलं जाईल आणि तक्त्यात त्या कधीच नसतील. सरळ क्रमात वाईटात वाईट काय होईल, तर त्याच नोंदी परत येतील. परत आलेलं दूध ओळखता येतं, न आलेलं ओळखता येत नाही.

स्टोरेजच्या बिलाबद्दल. दूध येवो न येवो, वाचक आपल्या ताब्यातल्या पार्टिशनांची मालकी दर ३० सेकंदांनी ताजी करत असतो. ८ पार्टिशनं म्हणजे दिवसाला साधारण २३ हजार लेखनं, तीन ग्रुप धरले तर सत्तर हजारांच्या घरात. आम्ही आधी जे स्टोरेज खातं वापरलं त्यात व्हर्जनिंग आणि सॉफ्ट डिलीट दोन्ही चालू होतं, म्हणजे प्रत्येक लेखनामागे जुनी प्रत साठत राहणार. चेकपॉइंटसाठी ही दोन्ही आणि हायरार्किकल नेमस्पेसही (फोल्डरसारखी मांडणी) बंद ठेवायची अशी कागदपत्रांतच सूचना आहे. चेकपॉइंटपुरतं वेगळं खातं त्याच रीजनमध्ये काढलं.

२४ जून : दुबार पावती आणि दुरुस्त पावती

सगळ्या कामात खरा विचार इथे करावा लागला.

दुबार नोंद बिलात गेली तर संघाचे पैसे जातात. चुकून खरी नोंद दुबार समजून टाकली तर सभासदाचे जातात. पहिल्यापेक्षा दुसरं वाईट, कारण दहा दिवसांच्या बिलात दोन लिटर कमी आहेत हे तीन म्हशींच्या घराला कळतं, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे त्या छोट्या पावतीशिवाय काही नसतं.

पहिला उपाय सोपा वाटला : केंद्र कोड, तारीख, पाळी आणि पावती क्रमांक मिळून तक्त्यात एकमेव किल्ली करायची, आणि तीच किल्ली परत आली तर पोस्टग्रेसने दुर्लक्ष करायचं. दुबार नोंदी पूर्ण थांबल्या. मग एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला : "साहेब, फॅट चुकीचं लागलं होतं, परत तपासून दुरुस्त केलंय. तुमच्याकडं अजून जुनंच कसं दिसतंय?"

दुरुस्तीच्या नोंदीचा पावती क्रमांक तोच असतो. आमच्या किल्लीने ती दुबार ठरवून टाकली होती. म्हशीच्या दुधाला ५.४ फॅट लागून नंतर ६.२ दुरुस्त झालं असेल, तर त्या सभासदाला आम्ही ५.४ चाच दर दिला असता.

दुर्लक्ष न करता नवी नोंद आली की जुनीवर लिहायचं, हा पुढचा सुचणारा उपाय. तोही पुरत नाही. जुना गठ्ठा पोच न मिळाल्यामुळे परत पाठवला गेला आणि दुरुस्तीच्या नंतर येऊन पडला, तर जुनं फॅट नव्यावर बसेल. पार्टिशनमधला क्रम हा नोंदी तिथे पोचल्याचा क्रम असतो, केंद्रावर घडल्याचा नाही. पाठवणं परत परत होत असेल तर हे दोन क्रम एकच राहत नाहीत.

म्हणून प्रत्येक पावतीला केंद्रावरच आवृत्ती क्रमांक दिला. पहिली नोंद १, दुरुस्ती २, पुढची ३. किल्लीत तो धरला. तीच आवृत्ती परत आली तर दुर्लक्ष, नवी आली तर वेगळी ओळ. बिल त्या पावतीच्या सगळ्यात मोठ्या आवृत्तीवर निघतं. जुन्या ओळी पुसत नाही, त्यामुळे फॅट कोणत्या वेळी कशावरून कशावर गेलं हेही दिसतं. गुणवत्ता विभागाने हे मागितलं नव्हतं, पण आता तेच ते रोज उघडतात.

केंद्रावरच्या प्रोग्रॅममध्ये हा बदल आधीच केला असता तर जोडलेल्या केंद्रांवर परत जावं लागलं नसतं. तुम्ही सुरू करत असाल तर पहिली नोंद पाठवण्याआधी आवृत्तीचा रकाना घाला.

२७ जून : सकाळचं दूध आदल्या दिवशी

टँकरच्या तक्त्यात पहाटेचं संकलन आदल्या तारखेत दिसायला लागलं. आम्ही तारीख एन्क्यूड टाइमवरून (नोंद हबवर पोचल्याची वेळ) काढत होतो आणि तो यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो. पहाटे ५ वाजता पडलेलं माप म्हणजे यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेअकरा. साडेपाचच्या आत आलेलं सगळं मागच्या तारखेत, त्यानंतरचं बरोबर. एकाच पाळीचे दोन तुकडे.

साडेपाच तास मिळवून हे नुसतं झाकलं गेलं असतं. नेट नसलेल्या केंद्राचं संध्याकाळचं दूध दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतं, तिथे पोचण्याची वेळ पाळीबद्दल काहीच सांगत नाही. तारीख आणि पाळी केंद्रावरच ठरते आणि नोंदीच्या मजकुरातच येते. एन्क्यूड टाइम आता फक्त एका कामाला : केंद्राचं घड्याळ पुढे असेल, किंवा ताजी नोंद वर्षानुवर्षं जुन्या तारखेची दिसत असेल, तर इशारा द्यायचा. जुन्या संगणकांतली बटणाएवढी बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं. असं एक केंद्र लगेच सापडलं.

३० जून : किरकोळ, पण अडवणारं

नोंदीसोबत पाठवलेल्या प्रॉपर्टीज वाचताना त्यांची नावं साध्या अक्षरांत शोधली तर सापडत नाहीत. पायथनमध्ये ती बाइट म्हणून येतात. म्हणून आवृत्ती आणि केंद्र कोड मजकुरातल्या जेसनमध्येच (नोंद अक्षरांत लिहिण्याची एक ठरलेली रचना) ठेवले.

जेसन करताना पायथन देवनागरी अक्षरांचे कोड करून लिहितो, प्रत्येक अक्षरखुणेला ६ बाइट. यूटीएफ-८ मध्ये तीच ३ बाइटची असते. एन्शुअर अ‍ॅस्की बंद केलं की प्रश्न मिटतो. आम्ही सभासदांची नावं पाठवणंच थांबवलं. बिलाला सभासद क्रमांक पुरतो, नाव संघाच्या नोंदवहीत आहेच.

३ जुलै : एका रेघेने अडवलेलं पार्टिशन

एका पार्टिशनवरची केंद्रं सकाळपासून पुढे सरकत नव्हती, बाकी सात व्यवस्थित. अ‍ॅनालायझरची केबल सैल झाल्यामुळे फॅटच्या जागी आकड्याऐवजी रेघ आली होती. तिचा आकडा करताना आमच्या कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन उठलं. ते ऑन एरर या चुका घेणाऱ्या कॉलबॅकमध्ये जातं, त्या पार्टिशनचं वाचन थांबतं आणि पुन्हा शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू होतं. परत तीच रेघ, परत तेच. मागे उभी असलेली सगळी चांगली दुधं तशीच अडकली.

इव्हेंट हब्जमध्ये खराब नोंद आपोआप बाजूला टाकण्याची सोय नाही. ती आपणच करायची. एक्सेप्शन गिळून पुढे जाणं मला मान्य नव्हतं, कारण ती रेघ म्हणजेही कुणीतरी ओतलेलं दूध आहे. "अडकलेल्या नोंदी" असा तक्ता केला. वाचता न आलेली नोंद जशीच्या तशी, पार्टिशन आणि सिक्वेन्स नंबरसह (पार्टिशनमधला तिचा क्रमांक) तिथे जाते, गठ्ठा पुढे सरकतो आणि त्या केंद्राच्या सचिवांना संदेश जातो. ते फॅट परत लावून दुरुस्ती करतात, म्हणजे आवृत्ती २ येते, आणि अडकलेली ओळ निकाली निघते. डेटाबेसच बंद असेल तर मात्र गठ्ठा पुढे सरकू द्यायचा नाही, चेकपॉइंट न लिहिता थांबायचं. हे दोन प्रकार कोडमध्ये वेगळे ठेवा.

८ जुलै : बंद करण्याची रीत

सकाळी नवी आवृत्ती चढवली की काही पार्टिशनं तीन-तीन मिनिटं गप्प राहायची. वाचक नीट बंद झाला तर तो मालकी सोडून जातो. अचानक मारला तर मालकी त्याच्याच नावावर राहते आणि ती मुदतबाह्य होईपर्यंत दुसरा हात लावत नाही. ही मुदत मालकी ताजी करण्याच्या अंतराच्या सहापट, म्हणजे १८० सेकंद.

आमचा वाचक सिस्टमडी (लिनक्समधला प्रोग्रॅम सुरू-बंद करणारा भाग) बंद करायचा. त्याचा थांबण्याचा संदेश पायथन आपसूक हाताळत नाही, प्रोग्रॅम तिथेच मरतो आणि क्लायंटची क्लोज कधी चालतच नाही. सिग्नल पकडून क्लोज बोलावली, अडचण गेली. अंतर कमी करूनही वाट कमी झाली असती, पण ब्लॉबवरची लेखनं तितक्याच पटीने वाढली असती.

१४ जुलै : खर्च

थ्रूपुट युनिट, म्हणजे सेवेकडून घेतलेल्या क्षमतेचं माप, तासावर आकारलं जातं. वापरा, न वापरा, एका युनिटचे महिन्याला ७२० तास धरायचे. वर नोंदींचे पैसे दर दशलक्षामागे, त्यात ६४ केबीपर्यंतची प्रत्येक नोंद एक धरतात. आमची तीनशे बाइटचीही एकच.

एका युनिटमध्ये सेकंदाला १ एमबी किंवा १००० नोंदी आत जातात. सकाळच्या गर्दीतही आम्ही याच्या आसपास नाही, माणूस दूध ओततो त्या वेगाला मर्यादा आहे. म्हणून युनिट एकच, आणि आपोआप वाढवण्याची सोय बंद. नको तिथे पैसा गेला तो शिकाऊ हबवर. चाचणीसाठी दुसरी नेमस्पेस उघडली होती, ती रात्रंदिवस तासाचे पैसे घेत होती. आता चाचण्या डॉकरमधल्या एम्युलेटरवर (आपल्याच संगणकावर चालणारी हबची नक्कल), ब्लॉबच्या जागी अझुराइट ही तशीच नक्कल घेऊन करतो. बॅचच्या काठाची, दुबारची, रेघेची, सगळ्या चाचण्या तिथे होतात आणि बिल शून्य.

२१ जुलै : ७ दिवस आणि १० दिवस

जुनी ई-मेलची फाइल आणि नवा तक्ता शेजारी ठेवून केंद्रवार लिटर आणि रक्कम रोज जुळवतो आहोत. जुळत आहेत.

बिल विभागाने विचारलं : बिलाच्या दिवशी हिशेबाच्या कोडमध्ये चूक सापडली तर सगळं परत पहिल्यापासून वाचता येईल ना? उत्तर नाही असं होतं. बिल १० दिवसांचं आणि हबमध्ये नोंदी जास्तीत जास्त ७ दिवस. पहिल्या तीन दिवसांचं दूध तोवर तिथून गेलेलं असतं. कॅप्चर चालू केलं तर नोंदी अ‍ॅव्हरो फाइलींमध्ये ब्लॉबवर साठतात, पण स्टँडर्डमध्ये त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि त्या फाइली वाचायला आणखी एक प्रोग्रॅम लिहावा लागला असता.

त्याऐवजी चौथा कन्झ्युमर ग्रुप काढला. त्याचा वाचक काहीही न तपासता प्रत्येक नोंद जशी आली तशी, पार्टिशन आणि सिक्वेन्स नंबरसह, एका तक्त्यात ठेवतो. दुबार, रेघवाली, दुरुस्त, सगळी. हिशेब परत करायचा झाला तर तो त्या तक्त्यावरून होतो. मागच्या पूर्ण बिलाचा हिशेब तसा करून पाहिला आणि प्रत्येक सभासदाची रक्कम पैशापर्यंत जुळली. विंडोज ७ वाल्या केंद्रांची नवी यंत्रं ऑगस्टमध्ये येतील, तोवर त्यांची फाइल ई-मेलनेच.